आमची वाटचाल : गुरुवारचा आकडा आणि आमचा मांडव

आमचा धंदा मांडवाचा. मंडप, स्टेज, खुर्च्या, गाद्या, लाईट, जनरेटर, आणि मंगल कार्यालय परवडत नसेल तर दारात किंवा शेतात लग्न उभं करून द्यायचं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बांबू, कनाती आणि सुतळीवर सुरू केलं, ह्यांनी लोखंडी पाइप आणि कापडी सीलिंग आणलं, आणि मी लग्न होऊन आल्यावर बुकिंगची डायरी आणि हिशेब माझ्याकडं आला. कोल्हापुरात हा धंदा करायचा म्हणजे पाऊस धरूनच चालायचं, २०१९ च्या महापुरात गोडाऊनमध्ये पाणी शिरून गाद्या गेल्या त्या गेल्याच, नंतर गोडाऊन उंचावर हलवलं. ते सगळं सांगत बसत नाही, मला सांगायचंय ते २०२१ बद्दल, कारण लोक विचारतात की कोरोनात तुमचं कसं भागलं आणि सगळ्यांना वाटतं २०२० अवघड होतं.

२०२० सोपं होतं असं मी म्हणणार नाही पण ते सरळ होतं. मार्चच्या शेवटी सगळंच बंद झालं, अक्षय्यतृतीयेची बुकिंगं गेली, मे मध्ये लग्नाला ५० माणसांची परवानगी आली आणि ५० माणसांना मांडव कशाला लागतोय, घरातच उरकायचे लोक. पण बंद होतं ते सगळ्यांचंच बंद होतं, बँकेचे हप्ते ऑगस्टपर्यंत पुढं ढकलता आले (व्याज चढत होतं ते वेगळं), आणि अ‍ॅडव्हान्स परत मागायला आलेल्या माणसालाही कळत होतं की समोरच्याकडं काही नाहीये. त्या वर्षी कुणी वाद घालत नव्हतं. वाद सुरू झाला तो लस आल्यावर.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, आधी दवाखान्यातले लोक, मग पोलीस, सफाई कर्मचारी वगैरे, १ मार्चपासून ६० च्या वरचे, १ एप्रिलपासून ४५ च्या वरचे सगळे. मामांनी मार्चमध्येच पहिला डोस घेतला आणि घरी येऊन जाहीर केलं की आता यंदाचा सीझन आपला. आम्हाला खरंच तसं वाटलं, कारण फोन वाजायला लागले होते, एप्रिल-मे च्या तारखा भरत आल्या होत्या, आणि गंमत म्हणजे आम्हाला लसीकरण केंद्रांच्या बाहेर सावलीसाठी मांडव घालायचं कामही मिळालं. उन्हात म्हातारी माणसं रांगेत उभी, त्यांच्यासाठी कापड आणि खुर्च्या. त्या कामाचं बिल एका सरकारी कार्यालयात जे अडकलं ते पुढच्या वर्षी निघालं, पण काम मिळालं म्हणून कामावरची पोरं टिकली हे मान्य करायला पाहिजे.

मग एप्रिल. ५ तारखेपासून रात्रीची संचारबंदी आणि शनिवार-रविवार लॉकडाऊन, १४ ला रात्री ८ पासून सगळं कडक, १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर पेशंट, आणि २२ एप्रिलपासून लग्नाचा नियम असा की २५ माणसं, एकच कार्यक्रम, दोन तासांत संपवायचा, मोडला तर ५० हजार दंड. त्यात लोकांचे प्रश्न सुरू, वहिनी, २५ मध्ये भटजी धरायचा का, फोटोवाला धरायचा का, तुमची वाढणारी पोरं धरायची का. मी कुठल्या तोंडानं सांगणार, मलाच माहीत नव्हतं.

घरात तेव्हा दोन पार्ट्या पडल्या आणि मला वाटतं त्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक धंदेवाल्याच्या घरात पडल्या असणार. धाकट्या दिरांचं कापडाचं दुकान, त्यांचं म्हणणं साधं होतं, पंढरपूरची पोटनिवडणूक होते, सभा होतात, बंगालमध्ये तर विचारूच नका, तिथं कोरोना जात नाही आणि माझ्या दुकानात चार बायका आल्या की येतो होय? आणि दुसरीकडं माझी बहीण, स्टाफ नर्स, कोविड वॉर्डला ड्युटी. ती फोनवर फार बोलायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, ताई, सिलिंडर संपायच्या आत दुसरा येतोय का बघत रात्र काढतोय आम्ही, तू मला लग्नाचं सांगू नकोस. त्यानंतर एप्रिलच्या बंदबद्दल मी वाद घातला नाही, आजही घालत नाही. तो बंद बरोबर होता. भाऊजींचा रागही बरोबर होता, कारण नियम ज्यांनी केले त्यांनी स्वतःला त्यातून वगळलं होतं, पण म्हणून दुकान उघडलं असतं तर बहिणीच्या वॉर्डातले सिलिंडर वाढले नसते.

माझी तक्रार पुढच्या गोष्टीची आहे, उघडताना जे झालं त्याची.

३ जूनला दुपारी मंत्री वडेट्टीवार यांनी टीव्हीवर सांगितलं की पाच टप्प्यांत अनलॉक, लोकांनी मला पेढे देणार असे मेसेज पाठवले, आणि संध्याकाळी सरकारनं सांगितलं की अजून ठरलेलं नाही. ठरलं ते ४ ला रात्री, लागू ७ जूनपासून. पाच लेव्हल. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर टेस्टमागं किती पॉझिटिव्ह, ती ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनचे बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील तर पहिली लेव्हल, सगळं नॉर्मल, आणि तिथून खाली खाली. कोल्हापूर चौथ्या लेव्हलला. लग्नाला २५. मुंबई तिसऱ्या लेव्हलला, तिथं ५०.

आता लोकांना हे पटेना, आणि मला पण पटत नव्हतं, कारण ४५ च्या वरच्यांच्या लसीकरणात आपला जिल्हा राज्यात पुढं होता, पेपरात कौतुक छापून येत होतं आणि त्याच पेपरात खाली पॉझिटिव्हिटी जास्त म्हणून बंद. मग लस घेऊन उपयोग काय, हा प्रश्न गल्लीत प्रत्येक जण विचारत होता. बहिणीनं समजावलं की बहुतेकांचा एकच डोस झालाय, आणि जे फिरतात, कामाला जातात, ती सगळी तरणी पोरं, त्यांना कुठं मिळालीय लस. हे खरं होतं. १ मे ला १८ च्या वर सगळ्यांना म्हणून जाहीर केलं आणि लस नाही म्हणून १२ मे ला राज्यानं १८ ते ४४ चं थांबवलं.

पण मला धंदेवाली म्हणून जे टोचलं ते वेगळंच होतं. त्या आदेशात होतं की दर गुरुवारी आकडे बघणार आणि सोमवारपासून नवी लेव्हल लागणार. तुम्ही किराणा दुकान चालवत असाल तर ठीक आहे, गुरुवारी कळलं सोमवारी शटर वर. लग्न काय गुरुवारी ठरवून सोमवारी करतात? मुहूर्त चार महिने आधी निघतो, कार्यालयाला अ‍ॅडव्हान्स जातो, आचारी सांगितला जातो, मी राधानगरी-पन्हाळ्याकडच्या पोरांना उचल दिलेली असते, आणि लग्नाच्या आदल्या गुरुवारी कुणीतरी एक टक्केवारी जाहीर करणार आणि त्यावर ठरणार की मांडव ५० चा की २५ चा की घालायचाच नाही. आमच्याकडं तर गुरुवार आला की मुकादम सकाळपासून फोन करायचा, वहिनी, काय लागलं? मटक्याचा आकडा विचारल्यासारखं.

आणि त्या टक्केवारीचंही एक बघा, टेस्ट जास्त केल्या आणि त्यात ठणठणीत माणसं जास्त आली की टक्का खाली येतो, म्हणून सगळीकडं टेस्टिंग वाढवा टेस्टिंग वाढवा चाललं होतं, मग जून संपता संपता डेल्टा प्लस हा कोरोनाचा नवा प्रकार आला आणि सरकारनं सांगितलं की फक्त आरटीपीसीआरचीच टक्केवारी धरणार आणि राज्यात कुणीही तिसऱ्या लेव्हलच्या वर जायचं नाही. म्हणजे पहिली-दुसरी लेव्हल कागदावर राहिली. जुलैत व्यापाऱ्यांनी दुकानं उघडा म्हणून आंदोलनं केली, भाऊजी त्यात होते, मग महिन्याच्या शेवटी पुन्हा पूर आला, हायवे बंद, तो विषयच बाजूला पडला. २ ऑगस्टच्या आदेशात २२ जिल्ह्यांना सवलत आणि ११ जिल्हे तसेच, त्या ११ मध्ये आम्ही. पुणे पण होतं, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तर वेळेनंतरही दुकानं उघडी ठेवायला सुरुवात केली.

आणि मग आला १५ ऑगस्टपासूनचा नियम, ज्याची सगळ्यांनी स्तुती केली. मोकळ्या लॉनवर २०० माणसं, बंद हॉलमध्ये निम्मी क्षमता आणि जास्तीत जास्त १००. आमच्यासारख्याला हे फार मोठं होतं, २०० माणसं म्हणजे मांडव लागतोच. पण अट अशी की कार्यालयातले, जेवणाचे, बँडवाले, भटजी, फोटोवाले सगळ्यांचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेले पाहिजेत. ऐकायला बरोबर. मी रात्री डायरी घेऊन बसले आणि पोरांची वयं लिहिली. सगळी २० ते ३५ मधली. १८ च्या वरच्यांना आपल्या राज्यात परत लस सुरू झाली २२ जूनला. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर मे महिन्यात १२ ते १६ आठवडे केलेलं, म्हणजे कमीत कमी ८४ दिवस. अगदी पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला उभा राहून ज्यानं डोस घेतला त्याचा दुसरा डोस १४ सप्टेंबरला आणि वर १४ दिवस धरले की २८ सप्टेंबर. नियम १५ ऑगस्टचा! म्हणजे जूनमध्ये कोविशील्ड सुरू केलेला माझा एकही पोरगा, त्यानं काहीही केलं असतं तरी, त्या दिवशी त्या नियमात बसूच शकत नव्हता. कोवॅक्सिनला २८ दिवस लागायचे, ती मिळाली तर, आणि पन्हाळ्याच्या एका वाडीतल्या पोराला कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या वेबसाइटवर, स्लॉट बुक करायला सांगा, ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपलेला. एका मोबाईल नंबरवर चार जणांची नोंदणी व्हायची, माझ्या नंबरवर माझी, ह्यांची आणि दोन पोरांची होती, बाकीच्यांसाठी शेजारपाजारचे नंबर मागितले.

लस घेतलेल्याला आधी मोकळं करा, हे तत्त्व मला पटतं, अजूनही पटतं. सगळ्यांना एकत्र कोंडून ठेवण्यापेक्षा ते शहाणपणाचं होतं. पण मग लस ज्या क्रमानं मिळाली त्या क्रमाचा हिशेब नियम करताना धरायला पाहिजे होता ना? पाहुणा ६० वर्षांचा, त्याचे दोन्ही झालेले, तो खुर्चीवर बसणार. खुर्ची मांडणारा २४ वर्षांचा, तो गेटच्या बाहेर. मुंबईत लोकलचं तेच झालं असणार, पासाला दोन डोस पाहिजेत, आणि रोज कामाला जाणाऱ्यांत तरुणच जास्त.

आम्ही काय केलं तर मामांच्या काळातली माणसं परत बोलावली. पन्नाशी-साठीची, काम सोडून घरी बसलेली, दोन्ही डोस झालेली. पाइपवर चढायचं काम त्यांना झेपत नाही हे उघड आहे, पण स्टेज, गाद्या, पाहुण्यांचं बघणं, लाईटचं बोर्ड सांभाळणं हे त्यांनी असं केलं की कार्यालयवाल्यानं मला विचारलं ही टीम कुठून आणली. तरण्या पोरांना दारातल्या, शेतातल्या छोट्या कामांवर ठेवलं, रोजगार कमी मिळाला पण मिळाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं तर पोरांना जुनी कापडी कमान बांधायला शिकवली, ती आता गिऱ्हाईक मुद्दाम मागतं.

तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन चांगला गेला. पोरांची दोन्ही सर्टिफिकेटं मी लॅमिनेट करून फाईल केली, कोण कुठं विचारेल सांगता येत नाही. आणि ३० डिसेंबरला रात्री ओमायक्रॉनचा आदेश, लग्नाला परत ५०. आता मात्र मी बहिणीशी भांडले. सगळ्यांनी लस घेतली, आता परत ५० का? ती म्हणाली पेशंट पुष्कळ आहेत पण ऑक्सिजनवर फार कुणी नाही. मग मी म्हटलं नियम ऑक्सिजन बघून करा की, ऑगस्टमध्येच सांगितलं होतं ना ७०० टनाच्या वर मागणी गेली की बंद, मग तेच धरा. ती म्हणाली ते मला नको सांगू, मंत्रालयात सांग. फेब्रुवारीत मोकळ्या मैदानावर २०० पर्यंत झालं, आणि ४ मार्चला १४ जिल्हे पूर्ण मोकळे केले त्यात कोल्हापूर होतं. त्यावेळी निकष मला पहिल्यांदा धड वाटले, पहिला डोस ९० टक्के, दुसरा ७० टक्के, पॉझिटिव्हिटी १० टक्क्यांच्या आत, भरलेले ऑक्सिजन बेड ४० टक्क्यांच्या आत. लसीची टक्केवारी आठवड्यात वर-खाली होत नाही, एकदा वर गेली की गेली, त्यावर माणूस पुढची तारीख धरू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून निर्बंधच संपले, दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि आमच्याकडं एका दिवसात दोन ठिकाणी मांडव होते.

धंद्यात राहिलेले बदल म्हणाल तर बुकिंगच्या पावतीवर आता एक कलम आहे, सरकारी आदेशानं माणसांची संख्या कमी झाली तर मांडवाचा आकार आणि रक्कम त्या प्रमाणात कमी होईल, आणि कार्यक्रम रद्दच झाला तर अ‍ॅडव्हान्स वर्षभर जमा राहील, कापडाचं आणि उचलीचं तेवढं कापून. सुरुवातीला लोक ते कलम वाचून हसायचे. हे म्हणतात आता काढून टाक, उगाच अपशकुन वाटतो गिऱ्हाइकाला. मी काढलेलं नाही.