कासव रडतं का? वाचनाच्या तासाची रोजनिशी

सोमवार

तर ठरलं, आता काही आठवडे आमच्या वाचनाच्या गटात फक्त समुद्री कासवं. सात-आठ वर्षांची पोरं आहेत, अक्षरओळख झालेली, काना-मात्रा बऱ्यापैकी पक्क्या, पण परिच्छेद वाचून झाल्यावर "काय वाचलंस?" विचारलं की छताकडे बघतात. गोष्ट दिली की वेगळीच तऱ्हा. पहिली दोन वाक्यं वाचायची, चित्र बघायचं आणि शेवट स्वतःच ठोकून द्यायचा, आणि वैताग म्हणजे बहुतेक वेळा तो बरोबरच निघतो कारण गोष्टी असतातच तशा. मला असं काहीतरी हवं होतं की जिथे अंदाज हमखास आपटेल आणि पोरांना झक मारत परत ओळीकडे यावं लागेल.

समुद्री कासव त्याला एकदम फिट. सगळ्यांना वाटतं कासव आपल्याला माहितीये, हळू चालतं, घाबरलं की डोकं आत घेतं, संपला विषय. आणि समुद्री कासवाला डोकं आत घेताच येत नाही, पायही नाही! आज नुसतं एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं तर अर्धा गट म्हणाला "ताई, चुकीचं लिहिलंय तुम्ही". छान. भांडण लागलं म्हणजे वाचन होणार.

मंगळवार

एकाच विषयाला इतके दिवस चिकटून राहायचं यावर आज एका सहकारी बाईंनी भुवया उंचावल्या, मुलं बोर होतील म्हणे. मला उलटं वाटतं. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी एक मजेशीर प्रयोग केला होता, मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग छोट्या मैदानावर लाकडी बाहुल्या हलवून काय झालं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं त्यात वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे "वाचनकौशल्य" म्हणून आपण जे हवेत पकडायला बघतो ते बरंचसं त्या विषयाच्या माहितीवर उभं असतं. मग दर दिवशी नवा विषय, नवा उतारा, नवे पाच प्रश्न असं करून आपण मुलांना रोज अनोळखी ठिकाणी सोडतो आणि वर म्हणतो रस्ता का सापडत नाही.

आणि माहितीपर मजकूर लहान मुलांना मिळतोच किती? नेल ड्यूक यांनी २००० साली अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गांबद्दल लिहिलं होतं, दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं. साडेतीन मिनिटांत तर आमच्याकडे वह्या निघतात फक्त.

कासवांचं बरं आहे, सातच जाती आहेत. ऑलिव्ह रिडले वाचलं की पुढे लेदरबॅक वाचताना घरटं, अंडी, पिल्लं, वल्ह्यांसारखे पाय हे सगळं ओळखीचं असतं, फक्त काय वेगळं आहे ते शोधायचं.

बुधवार

जोडाक्षरांचा दिवस. समुद्र आणि चंद्र पटकन झाले. क्षितिजला दोघं-तिघं अडकली, एकाने "शितिज" करून पुढे सटकायचा प्रयत्न केला. खाऱ्या, किनाऱ्यावर या शब्दांतला तो अर्धा र सगळ्यांनाच नडतो, दिसतो वेगळा आणि उच्चार करायचा वेगळा. पण मी आधी शब्दांची यादी देऊन घोकून घेत नाही. "किनाऱ्यावर" हा शब्द कासवाच्या मजकुरात इतक्या वेळा येतो की तो आपोआप बसतो आणि अर्थासकट बसतो. "वल्ह्यांसारखे" मात्र फोडूनच घ्यावा लागला, व, ल्ह्यां, सा, र, खे. सगळ्यांनी हात हलवून वल्ही मारली, मग पाच मिनिटं कोणी ऐकेना.

गुरुवार

आजचा तास लिहून ठेवायलाच हवा.

मी लिहिलेला छोटा उतारा दिला होता. "मादी रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी खोल खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. वाळूने खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. ती या घरट्याकडे परत येत नाही." सोबत फोटो, वाळूत बसलेल्या मादीच्या चेहऱ्याचा, डोळ्यांतून चिकट पाण्याची धार आलेली, तिला वाळूचे कण चिकटलेले.

विचारलं, फोटोत काय दिसतंय. रडतेय! का रडतेय? एकसुरात उत्तर, बाळांना सोडून चाललीय म्हणून. एका मुलीचे तर स्वतःचेच डोळे भरून आले. मी म्हटलं बरं, आता मला ते वाक्य दाखवा जिथे ती दुःखी आहे असं लिहिलंय, बोट ठेवा. बोटं फिरायला लागली, वरून खाली, परत वर. एकाने "निघून जाते" वर ठेवलं. म्हटलं निघून जाते एवढंच आहे, दुःख कुठेय? "मग फोटोत आहे ना."

मग दुसरा कागद वाटला. "समुद्राचं पाणी खारट असतं. ते कासवाच्या पोटात जातं. जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींमधून बाहेर पडतं. कासव पाण्यात असतानाही हे चालूच असतं, पण तेव्हा आपल्याला दिसत नाही." वाचून झालं, गट गप्प. एरवी काही न बोलणारी एक मुलगी आहे खिडकीपाशी बसणारी, तिने तिसऱ्यांदा ती शेवटची ओळ पुटपुटत वाचली आणि म्हणाली, "ताई, म्हणजे अंडी घालायच्या आधीपासूनच ती रडते?" आणि मग स्वतःच, "म्हणजे रडत नाहीच."

हे जे तिने केलं ना, ते कुठल्याच वाक्यात लिहिलेलं नाही. "पाण्यात असतानाही" एवढ्या दोन शब्दांवरून तिने सगळी रड उडवून लावली. आकलन आकलन म्हणून आपण जे म्हणतो ते हेच, आणि ते मला दहा प्रश्नांच्या वर्कशीटमध्ये कधी दिसलं नव्हतं.

एक पठ्ठ्या मात्र हटला नाही. त्याचं म्हणणं, मीठपण येत असेल आणि वाईटपण वाटत असेल. मी त्याला चूक म्हटलं नाही, कशावरून एवढंच विचारलं. तो म्हणाला "मला वाटतं". मग फळ्यावर दोन रकाने केले, "कागदात आहे" आणि "मला वाटतं". त्याचं वाक्य दुसऱ्या रकान्यात गेलं, त्याला ते मान्य झालं. हे रकाने आता कायम ठेवणार आहे.

शुक्रवार

क्रम लावायची कार्डं. अंडी, पिल्लं बाहेर, समुद्रात पोहणं, मोठं होणं, किनाऱ्यावर परत येणं. एका जोडीने मादीपासून सुरुवात केली, दुसरीने अंड्यापासून, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून अडून बसले. मोठी झालेली मादी जिथे जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्याकडे अंडी घालायला येते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण तिला उपयोगी पडते असं शास्त्रज्ञ म्हणतात. हे वाचल्यावर कोणीतरी कार्डं गोल मांडली. पाठ्यपुस्तकात क्रम नेहमी एक-दोन-तीन असा सरळ रेषेत विचारतात, इथे कुठूनही सुरू केलं तरी चालतं आणि तरीही मधलं कार्ड इकडचं तिकडे करता येत नाही. हे सात वर्षांच्या पोरांना सांगून कळलं नसतं.

मोठं होण्याच्या कार्डावर बराच वेळ गेला. पिल्लू समुद्रात शिरलं की काही वर्षं नीट दिसतच नाही, अभ्यासकांनी त्या काळाला "हरवलेली वर्षं" असंच नाव दिलं होतं. पोरांना हे प्रचंड आवडलं, मोठ्या माणसांनाही माहीत नाही म्हणजे काय! एकाने त्या कार्डावर मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

शनिवार

म्हणून, कारण, त्यामुळे, जर-तर. हे शब्द मुलं वाचताना चक्क गिळतात. आज वाळूच्या तापमानावर उतारा घेतला. कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याभोवतीच्या उबेवर ठरतं, साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निम्मेनिम्मे, वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. मी "जर" आणि "तर" झाकून वाक्यं दिली, अर्थच लागेना, मग उघडली. "कारण" च्या जागी "म्हणून" घातलं की "पिल्लू मादी झालं म्हणून वाळू गरम झाली" असं काहीतरी होतं, त्यावर पोरं खो खो हसली. हसली म्हणजे कळलं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या कासवांचा २०१८ सालचा अभ्यास सांगितला, तिथल्या हिरव्या कासवांच्या वाढत्या वयाच्या पिल्लांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. टक्के यांना येत नाहीत, म्हणून शंभरात एकही धड नर नाही असं सांगितलं. लगेच प्रश्न, मग बाबा कोण होणार? कागदात नव्हतं ते. कागदात नसलेला पण कागदातूनच निघालेला प्रश्न.

१९८४ साली पॅलिंक्सर आणि ब्राउन या संशोधकांनी मांडलेली, वाचलेलं समजून घ्यायला शिकवायची चार कामांची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, अंदाज करा, प्रश्न विचारा, अडलेलं सोडवा, थोडक्यात सांगा. मूळ कल्पना भारी आहे, पण त्याची रंगीत कार्डं करून प्रत्येकाला एकेक काम दिलं की थोडक्यात सांगणारा पोरगा शेवटपर्यंत पेन्सिल चावत बसतो, वाचतच नाही. मी सध्या सगळ्यांना प्रश्नच विचारायला लावतेय. थोडक्यात सांगणं नंतर बघू.

मंगळवार

आज अक्षरं नाहीत, वाळूत उमटलेले कासवांचे माग. सकाळच्या किनाऱ्याचे फोटो. हिरवं कासव आणि लेदरबॅक पुढचे दोन्ही पाय एकदम मारत सरकतात, म्हणून दोन्ही बाजूचे ठसे समोरासमोर येतात. ऑलिव्ह रिडले आणि लॉगरहेड आळीपाळीने, म्हणून ठसे मागेपुढे. एवढं वाचून घेतलं आणि मग फोटो समोर ठेवले. शेवटच्या फोटोत माग वर येतो, वळतो आणि सरळ परत समुद्राकडे जातो, मध्ये कुठेही उकरल्याची खूण नाही.

"घातलीच नाहीत अंडी!" हे ओरडला तो आमच्यातला सगळ्यात अडखळत वाचणारा मुलगा. कशावरून, तर वाळू उडालेली नाही. मादी अंडी घातल्यावर पुढच्या पायांनी वाळू उडवून जागा लपवते हे गेल्या आठवड्याच्या कागदात होतं, ते याच्या डोक्यात राहिलेलं. मग का परत गेली? अंदाज सुरू, कोणी म्हणालं माणूस दिसला, कोणी उजेड, कोणी दगड लागला. तिन्ही शक्य आहेत आणि तिन्ही "मला वाटतं" च्या रकान्यात गेले, पोरांनी स्वतःच तिथे लिहायला सांगितले. त्या मुलाला म्हटलं तुझं वाक्य फळ्यावर लिही. "वाळु उडाली नाही मनून अंडी नाही." शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, कारण आणि पुरावा एका वाक्यात आलेत.

बुधवार

पिल्लं रात्री बाहेर येतात आणि जिकडे क्षितिजाजवळ जास्त उजेड तिकडे धावतात, समुद्रावर तो उजेड असतो म्हणून. इथे वाचन थांबवून विचारलं, किनाऱ्यालगत रस्त्यावरचे दिवे लावले तर? सगळ्यांनी बरोबर सांगितलं, कोणाला मदत लागली नाही. फक्त आता क्षितिज नीट म्हणतात.

हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असा अंदाज सांगतात, तो आकडा द्यावा की नाही यावर मी थोडी घुटमळले होते. दिला. मुलांच्या पुस्तकांत सगळी पिल्लं टुणटुणीत समुद्रात पोचतात, मला ते पटत नाही. कोणी रडलं नाही, उलट हिशोब सुरू झाला, एका घरट्यात शंभर तर दहा घरटी मिळून एक, आणि मग "म्हणून इतकी अंडी घालते!" हा म्हणूनसुद्धा जागेवर पडला.

पुढच्या आठवड्यात लेदरबॅक. जेलीफिश खातं, आणि घसरड्या जेलीफिशने परत वर येऊ नये म्हणून त्याच्या घशात मागे वळलेले काटेच काटे असतात, तो फोटो बघून मोठी माणसंही दचकतात. प्लास्टिकची पिशवी गिळली तर त्याच काट्यांमुळे ती बाहेर काढता येत नाही, हे मी लिहिणार नाहीये, काट्यांची दिशा तेवढी लिहिणार, बाकीचं कोण काढतं बघू. फोटो मात्र आधी द्यायचा नाही. तो दिला की कागद कोणी वाचत नाही.