सगळं बायबलमध्ये आहे, मग प्राध्यापक शिकवतो काय?

ख्रिस्ती नीतिशास्त्र हा विषय सांगितला की ठरलेला प्रश्न येतो: ‘काय करावं, काय टाळावं हे बायबलमध्ये लिहिलेलंच आहे. त्यासाठी पीएच.डी. झालेला प्राध्यापक कशाला? पाळकसाहेब रविवारी सांगतात ते पुरत नाही?’ तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगायचं ठरवलं. उदाहरणाला अमेरिकेतले डेव्हिड गुशी घेऊ. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द अखेरचा मानणाऱ्या आणि माणसाच्या वैयक्तिक मनपालटावर भर देणाऱ्या मंडळ्यांत (म्हणजे चर्चमध्ये) नीतिशास्त्र शिकवणाऱ्याचं काय काय होऊ शकतं, ते त्यांच्या कारकिर्दीत जवळजवळ सगळं सापडतं.

आधी वर्गात काय चालतं ते पाहू. दाराशी नाझी सैनिक आहेत, माळ्यावर ज्यू कुटुंब लपलंय, आणि सैनिक विचारतात, ‘घरात कोण आहे?’ ‘कोणी नाही’ म्हणणं हा त्या प्रसंगापुरता निवाडा. ‘खोटं बोलू नये’ हा नियम. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे नियमाच्या मुळाशी असलेलं तत्त्व. आणि देव कसा आहे, त्याला माणसाकडून काय हवंय, ही त्याहून खोल असलेली श्रद्धा. गुशी आणि ग्लेन स्टॅसन यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या ‘किंग्डम एथिक्स’ या पाठ्यपुस्तकात नैतिक विचाराचे हे चार थर मांडले आहेत. मंडळीतली बहुतेक भांडणं विझत नाहीत, कारण एक जण नियमावर उभा असतो आणि दुसरा तत्त्वावर. कोण कुठल्या थरावरून बोलतोय हे ओळखायला शिकवणं हे प्राध्यापकाचं पहिलं काम.

दुसरं काम वचन नीट वाचण्याचं. डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची शिकवण, ही ‘जुनं असं होतं, येशू त्याहून कठीण सांगतो’ अशा जोड्या, हे वाचन सर्रास चालतं. त्याचा तोटा असा की आदर्श इतका उंच जातो की कोणी तो पाळायच्या फंदातच पडत नाही. मूळचे अणुभौतिकीचे विद्यार्थी असलेल्या स्टॅसन यांनी मत्तय ५:२१ ते ७:१२ या भागात जोड्यांऐवजी चौदा तिकडी दाखवल्या: परंपरेची शिकवण, माणूस अडकतो ते दुष्टचक्र, आणि त्यातून बाहेर पडायची कृती. ‘खून करू नको’ ही परंपरा. राग हे चक्र. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘रागावू नको’ अशी आज्ञाच नाही, ‘जो रागावतो तो शिक्षेस पात्र ठरेल’ असं विधान आहे. आज्ञार्थी क्रियापदं येतात ती चोविसाव्या वचनात, एकापाठोपाठ चार: दान तिथेच ठेव, जा, भावाशी समेट कर, मग दान अर्पण कर. जोर कृतीवर आहे. ग्रीक टाळून नीतिशास्त्र शिकू पाहणाऱ्यांची अडचण होते ती इथेच.

आता पायऱ्या. गुशी यांनी १९८४ मध्ये बी.ए. केलं, १९८७ मध्ये लुइव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीतून (सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारं धर्मविद्यालय, बॅप्टिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ) एम.डिव्ह. ही पाळकपदासाठीची तीन वर्षांची पदवी, आणि १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीतून पीएच.डी. ही युनियन उदारमतवादी म्हणून ओळखली जाते, म्हणजे शिक्षण दोन्ही तीरांवर झालं. प्रबंधाचा विषय होता नाझींच्या तावडीतून ज्यूंना वाचवणारे बिगरज्यू. एक निष्कर्ष मंडळ्यांना झोंबणारा होता: नुसतं ख्रिस्ती असण्यावरून कोण वाचवायला पुढे येईल हे सांगता येत नव्हतं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचं बी इथे आहे.

नोकरीच्या बाबतीत मात्र प्रबंधापेक्षा एक कागद जड ठरतो, तो म्हणजे विश्वासाचं निवेदन, संस्था काय काय मानते याची लेखी यादी. सदर्न सेमिनरीत प्रत्येक प्राध्यापक १८५८ च्या निवेदनावर सही करतो. सही करणं सोपं असतं. अडचण येते ती नंतर कागदात नसलेल्या अटी जोडल्या जातात तेव्हा. गुशी तिथे १९९३ मध्ये शिकवायला लागले आणि त्याच वर्षी अध्यक्ष बदलले. स्त्रियांनी पाळक व्हावं की नाही, याबद्दलचं मत नेमणुकीची कसोटी बनलं. १९९५ मध्ये समाजकार्य विभागाच्या डीन डायना गार्लंड यांना याच वादातून पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी गुशी टेनेसीतल्या युनियन युनिव्हर्सिटीत गेले (न्यूयॉर्कच्या युनियनशी हिचा संबंध नाही, ही बॅप्टिस्ट आणि बऱ्यापैकी सनातनी) आणि २००७ मध्ये जॉर्जियातल्या मर्सर विद्यापीठात.

मधल्या काळात त्यांनी जाहीरनाम्यांचे मसुदे लिहिले. हवामानबदलावरचं २००६ चं आवाहन पहिल्यांदा निघालं तेव्हा त्यावर ८६ इव्हँजेलिकल नेत्यांच्या सह्या होत्या, आणि २००७ चा कैद्यांच्या छळाविरुद्धचा जाहीरनामा बुश सरकारच्या चौकशीपद्धतींवर बोट ठेवणारा होता. हे लेखन पुस्तकापेक्षा अवघड. एक शब्द कडक झाला तर सह्या गळतात, मवाळ झाला तर कागदाला अर्थ उरत नाही.

२०१४ मध्ये त्यांनी समलिंगी व्यक्तींना मंडळीत पूर्ण स्थान असावं अशी भूमिका घेतली. व्याख्यानांची निमंत्रणं थांबली, त्यांना इव्हँजेलिकल म्हणणं अनेकांनी सोडलं, आणि पुढे त्यांनी स्वतःही सोडलं. नोकरी गेली नाही. मर्सरला पैसे पुरवणाऱ्या जॉर्जियाच्या बॅप्टिस्ट संघटनेने विद्यापीठाशी नातं तोडायचं ठरवलं होतं ते गुशी तिथे जाण्याआधीच, त्यामुळे विद्यापीठावर तो दबाव नव्हता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या धर्माभ्यासकांच्या आणि ख्रिस्ती नीतिशास्त्रज्ञांच्या, अशा दोन्ही मोठ्या संस्थांचे ते अध्यक्ष होते. नैतिक धैर्याचं कौतुक जरूर करा, पण पगार कुठून येतो तेही बघा.

आपल्याकडे या वाटेने जायचं असेल तर पुण्याच्या बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती पूर्वी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली. बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी, मग एम.टीएच. ही त्यापुढची पदवी, मग डॉक्टरेट असा क्रम. आणि पुढे कुठल्याही संस्थेत शिकवायला अर्ज कराल तेव्हा आधी तिचं विश्वासाचं निवेदन मागवून घ्या, सही एकदाच की दर वर्षी हे विचारा, आणि त्या कागदात नसलेल्या कुठल्या मुद्द्यांवरून अलीकडे कोणाला जावं लागलं, हे तिथल्या जुन्या प्राध्यापकांना एकेकट्याने गाठून विचारा.