तुम्ही विचारलंत म्हणून: जमातीच्या, म्हणजे आपल्या मुस्लिम समाजाच्या, कामाला माणूस कसा पारखता?

मागच्या महिन्यात मिरजेहून एका तरुणाचा फोन आला. मोहल्ल्यातल्या दहा-बारा पोरांनी मिळून काम सुरू केलंय. रेशन वाटतात, दवाखान्याच्या बिलाला हातभार लावतात, आणि आता आपसात धुसफूस लागलीय. "चाचा, माणूस पारखायचा कसा? पुढे कुणाला करायचं?" हाच प्रश्न चिपळूणचा माझा एक मित्रही विचारतो. तो गणेशोत्सव मंडळात आहे. दुखणं एकच, पावतीपुस्तक तेवढं वेगळं.

माझं उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात. मी दाढी बघत नाही, डिग्री बघत नाही, भाषण तर ऐकतच नाही. पैशाबद्दल किती मोकळं बोलतो आणि माणसांबद्दल किती गप्प राहतो, एवढंच बघतो. बहुतेकांचं नेमकं उलटं असतं. पैशाचं विचारलं की "अल्लाला हिशेब द्यायचाय" म्हणतात (तो द्यायचाच आहे, पण जमातीला आधी द्या), आणि कुणाच्या घरी काय पोचवलं ते मात्र नाक्यावरच्या टपरीवाल्यालाही माहीत.

नव्या पोराला मी पहिलं काम देतो ते फित्र्याच्या, म्हणजे रमजान ईदच्या दानाच्या, तांदळाचं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे आमच्याकडे फित्रा धान्यात द्यायची रीत. माणशी एक साअ, म्हणजे अडीच-तीन किलो तांदूळ, घरात तान्हं बाळ असलं तरी त्याच्याही नावाचा. आता बरेच जण पैसेच पाठवतात म्हणा. कुवेतहून तांदूळ कोण पाठवणार? मग आम्ही इथे घेतो. ईदच्या नमाजाआधी तो गरजूच्या घरात पोचला पाहिजे, म्हणून चंद्र दिसला की मदरशाच्या पडवीत ताडपत्री अंथरायची, मधोमध वजनकाटा. एक जण मापतो, दुसरा सुतळीने पिशवीचं तोंड बांधतो, तिसरा वहीत लिहितो. मी बाजूला चहा पीत बसलेला असतो, पण लक्ष हातांकडे. कुणी कोलम दिलेला असतो, कुणी रेशनचा. ओळखीच्या घरच्या पिशवीत कोलम पडतो का, हे त्या रात्री जेवढं कळतं तेवढं वर्षभराच्या मीटिंगांत कळत नाही.

असाच एक पोरगा होता, वीस-एकवीस वर्षांचा. मापात चोख, बडबड नाही. यादीत आम्ही नावं लिहीत नाही, नंबर लिहितो आणि घराची खूण. त्याच्या हातात मी यादी दिली, पंधरा पिशव्या दिल्या. रात्री दीड वाजता तो परत आला तेव्हा सायकलच्या कॅरिअरला एक पिशवी तशीच बांधलेली. "चाचा, बारा नंबर राहिला. दुसऱ्या कुणाला द्या."

बारा नंबर म्हणजे विहिरीजवळचं कौलारू घर. म्हणजे त्याचंच. बाप गेल्यावर आई शिवणकामावर घर चालवत होती, तिचं नाव आमच्या बायकांनी गुपचूप सुचवलं होतं, आणि मी डोळे मिटून ती यादी तिच्याच मुलाच्या हातात दिली होती. पोराचा चेहरा तसाच होता, आवाजही. कुराणात सूरे बकराच्या 264व्या आयतीत म्हटलंय की उपकार बोलून दाखवून आणि दुखवून आपला सदका, म्हणजे दान, वाया घालवू नका. मी बोललो काहीच नव्हतो, दुखवलं मात्र पुरेपूर. पोराला पारखायला बसलो होतो मी!

तो आता सौदीला आहे. कमिटीत ये म्हटलं की हसतो.

22 जुलै 2021ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली, चिपळूणची बाजारपेठ बुडाली. पाणी उतरल्यावर राहिला तो चिखल. त्या आठवड्यात बरेच अध्यक्ष-उपाध्यक्ष भेटले. फावडं घेतल्यावर सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे काहींनी घेतलंच नाही. बाहेरून एक ट्रक आला, ब्लँकेटं आणि पाण्याच्या बाटल्या. देणाऱ्याला फोटो हवे होते. आमची पोरं चिडली. मी म्हटलं, चिडू नका, माणूस लांबून आलाय, त्याच्यामागेही देणगीदार आहेत आणि त्यांना पुरावा लागतो. ट्रकचा फोटो काढा, मालाचा काढा, माझा काढा. ब्लँकेट घेणाऱ्या हाताचा नाही. त्याने ऐकलं. सगळेच ऐकतात असं नाही.

खरी पुढारी कोण, असं मला विचाराल तर आमच्याकडची एक खाला, म्हणजे मावशी. बाईमाणूस गेलं की गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालायला, तिलाच बोलावतात, रात्री-अपरात्री. बाईचं कफन पाच कपड्यांचं, पुरुषाचं तीन. ते कापून ठेवायला ती कुणाला सांगत नाही, स्वतः करते. मय्यतीच्या अंगावर काय दिसलं ते बाहेर बोलायचं नसतं, आणि ती बोलत नाही. मारहाणीच्या खुणा दिसल्या तर मात्र गप्प बसणार नाही, हेही तिने सदरांना, म्हणजे जमातीच्या अध्यक्षांना, तोंडावर सांगून ठेवलंय. जमातीच्या इतिवृत्ताच्या वहीत तिचं नाव एकदाही आलेलं नाही. ही आमची शरमेची गोष्ट आहे, आणि मीही त्या वहीवर सह्या केल्यात.

मिरजेच्या पोराने आणखी एक विचारलं होतं: पेट्रोलचे पैसे घ्यावेत का? घ्यावेत. सूरे तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे, म्हणजे मुसलमानाने द्यायच्या सक्तीच्या दानाचे, आठ हकदार सांगितलेत, त्यांत जकात गोळा करणारे आणि तिची व्यवस्था बघणारेही आहेत. घ्या, आणि फळ्यावर लिहा. "मी एक पैसा घेत नाही" असं दर जुम्म्याला ऐकवणाऱ्यापेक्षा दोनशेची पावती चिकटवणारा मला बरा वाटतो. आमच्या खजिनदाराने एकदा पस्तीस रुपयांच्या चहाची पावती लावली होती. लोक हसले. लाखाच्या हिशेबाला मग कुणी शंका काढली नाही.

फित्र्याची यादी त्या वर्षापासून बदलली. वाटणाऱ्या पोरांना ती द्यायच्या आधी बायका एकदा बघतात, आणि काही घरं त्यातून काढून घेतात. त्या पिशव्या माझी बायको नेते, फराळाच्या डब्याखाली घालून. कुणाच्या घरी, ते तिने मलाही सांगितलेलं नाही.