तुम्ही विचारलंत म्हणून: डायनासोर जिवंत केले तर लोक बघायला जातील का?

मी भूविज्ञान शिकवत आले, आणि त्यातही जीवाश्म हा माझा विषय. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की रेल्वेच्या डब्यात, ओळख झाली की थोड्याच वेळात हा प्रश्न येतोच: "समजा शास्त्रज्ञांनी डायनासोर पुन्हा जिवंत केले आणि त्यांचं उद्यान काढलं, तर लोक जातील का हो? तुम्ही जाल का?" दोन वाक्यांत काहीतरी बोलून मी आजवर वेळ मारून नेली. आता एकदा सविस्तर लिहिते, म्हणजे माझं म्हणणं काय आहे ते तरी कळेल.

लोक जातील. यात विचारण्यासारखं काही नाहीच. १८५४ साली लंडनजवळ सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने विटा-सिमेंटचे डायनासोर उभे केले, ते बघायला लोक लोटले. 'डायनासोर' हे नाव ठेवून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. इग्वानोडॉन नावाच्या डायनासोरच्या अंगठ्याचं हाड त्याच्या नाकावर शिंग म्हणून बसवलं होतं, तरी गर्दी झाली. आपल्याकडचं बघायचं तर मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि पुढच्या मार्चमध्ये लोकांसाठी खुले केले. त्याच वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं, आणि लोक लेकराबाळांसकट रांगेत उभे राहिलेच. पेंग्विनसाठी एवढं, तर साठ फुटी जनावरासाठी काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पूर्वी मी या प्रश्नाला एवढंही उत्तर देत नसे. असं होणारच नाही, असं सांगून मोकळी व्हायचे. ते खरंही आहे. जिवंत करायचं तर आधी डीएनए हवा, आणि तो इतका टिकत नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवर झालेलं काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्या हाडांमधला डीएनए साधारण ५२१ वर्षांत निम्मा तुटतो, असं त्यात दिसलं. आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोर गेले सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. आणि जिथे पेशी हाताशी होत्या तिथेही काय झालं? स्पेनमधली पिरेनीज डोंगरातली रानबकरी, बुकार्डो, २००० साली संपली. २००३ मध्ये तिचा क्लोन जन्माला घातला. ते पिल्लू काही मिनिटांत गेलं, फुप्फुस सदोष होतं.

पण हे सगळं सांगून झालं की समोरचा म्हणतो, "ते ठीक, पण समजा झालंच तर?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला डीएनएबद्दल विचारायचंच नसतं. त्याला माणसांबद्दल विचारायचं असतं. आणि माणसांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एकच काहीतरी आहे. ते मी सहसा सांगत नाही.

आमच्या विभागाची सहल होती. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या शेतांत लॅमेटा थरांची, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या खडकांची, माती उघडी पडते, आणि नांगरटीनंतर एखादा पाऊस पडून गेला की त्या मातीत जीवाश्म वर आलेले दिसतात. हाडांचे तुकडे, आणि हाडांपेक्षाही जास्त दगड झालेली विष्ठा. तपकिरी, गोल-लांबट, मुठीत मावेल अशी. याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा तो पुरावा, २००५ साली जगापुढे आला. जवळच डोंगरगावला आयसिसॉरस हा डायनासोर मिळाला, जातभाईंच्या मानाने आखूड मानेचा, पुढचे पाय चांगले उंच असलेला. सिरोंच्याकडे गेलात तर त्याच्याही कितीतरी आधीचा बारापासॉरस. त्याचं मांडीचं हाड माझ्यापेक्षा उंच आहे, एक मीटर सत्तर सेंटिमीटर. हे सगळं आपल्या विदर्भातलं, आणि बघायला कुणीही येत नाही. मला चीड येते ती याची. जिवंत असेल तरच बघू, असं ठरवूनच तुम्ही प्रश्न विचारता.

असो. त्या सहलीत एक मुलगा होता. शेतकऱ्याचा पोरगा, वर्गात मागे बसणारा, शेतात मात्र सगळ्यांच्या पुढे. मातीच्या रंगावरून थर कुठे बदलला ते मी सांगायच्या आधी त्याने ओळखलं. हाड आणि दगड यांतला फरक कसा करायचा ते मी दाखवलं होतं: जीवाश्म हाड सच्छिद्र असतं, जिभेला लावलं की चिकटतं. बाकीची पोरं हसत होती. याने एक तुकडा उचलला, शर्टाच्या टोकाने हलकेच पुसला, जिभेला लावला आणि तसाच उभा राहिला. मग खाली वाकून तो तुकडा जसा होता तशाच कुशीवर परत ठेवला आणि मागून येणाऱ्यांना म्हणाला, "इथं पाय नका ठेवू रे कोणी." मी कितीतरी वर्षं शिकवलं, पण शिकवणं लागू पडलं असं इतकं स्पष्ट मला क्वचित दिसलं.

परतीच्या वाटेवर एका शहरात गाडीला वेळ होता, म्हणून मुलांना तिथल्या प्राणिसंग्रहालयात नेलं. बसमध्ये मी त्यांना सांगत होते की आज जिवंत असलेल्यांत डायनासोरांचे सगळ्यात जवळचे म्हणजे पक्षी, कारण ते त्यांच्यातूनच आले, आणि त्यानंतर मगरी. म्हणून मगरीच्या पिंजऱ्याशी थोडं थांबा, म्हटलं.

मगर काठावर आ वासून पडली होती. अंगातली उष्णता कमी करायला मगर तशी तोंड उघडं ठेवते, त्यात विशेष काही नाही. कठड्याशी बरीच गर्दी होती. पुतळा आहे, असं कुणी म्हणत होतं. प्लॅस्टिकचीच आहे, असं कुणी. तिच्या आजूबाजूला नाणी पडली होती, पाण्याची एक बाटली, चपलेचा एक तुकडा. मी मागे होते, मुलांची मोजदाद करत. एक दगड सुटला तो मला दिसला, पण कुणाच्या हातून ते दिसलं नाही. तो तिच्या डोळ्याच्या खाली लागला. आवाज झाला, फरशीवर काहीतरी आपटावं तसा. तिने तोंड मिटलं, एकदा डोकं हलवलं आणि पाण्यात शिरली. जिथे डोकं टेकलेलं होतं तिथे सिमेंटवर ओला लाल ठिपका राहिला. गर्दीतून जोरात आरडाओरडा झाला, आनंदाचा. "आहे रे, जिंदी आहे!"

आणि तो मुलगा वळला. हसत होता. मी दिसले तेव्हा हसू गेलं, पण हात अजून अर्धवट वरच होता.

"का मारलास?" एवढंच मला विचारता आलं.

"हलूनच नाही राहिली होती ना मॅडम. जिंदी आहे का मेली, ते पाहून राहिलो होतो."

तिथला रखवालदार स्टुलावर बसला होता. तो म्हणाला, रोजचंच आहे बाई. बसमध्ये मी कुणाशी बोलले नाही. त्या मुलाला पुढेही मी काही सुनावलं नाही. सुनवायला हवं होतं की नाही, यावर माझं मन आजही दोन्हीकडे ओढतं.

पूर्वी वर्गात मी एक वाक्य नेहमी म्हणत असे: "नुसती हाडं पाहून काय होणार, जिवंत दिसला असता तर तुमची नजरच बदलली असती." ते म्हणणाऱ्या बाईशी मला आता भांडावंसं वाटतं. जिवंतपणा नजर बदलतो हे तुला कुणी सांगितलं? त्या पोराने सहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्याला जपलं आणि समोर श्वास घेणाऱ्याला दगड मारला.

पण ती बाई मलाही उलट विचारते, आणि तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. शेतात त्या मुलाला हाड हातात घेता आलं, फिरवून बघता आलं, जिभेला लावता आलं, कुठे ठेवायचं ते ठरवता आलं. कठड्याशी त्याला काय मिळालं? दहा मिनिटं, मागून रेटणारी माणसं, आणि न हलणारं एक जनावर. त्या जनावराशी नातं जोडायची एकच सोय तिथे होती आणि ती पायाशी पडलेली होती. मग दोष त्याचा की कठड्याचा? इथवर आले की मला दुसरंही आठवतं: त्याच कठड्याशी माझी बाकीची मुलंही उभी होती. त्यांनी दगड उचलला नव्हता.

माझी मुलगी म्हणते, आई, तू एका दगडावरून सगळ्या लोकांची परीक्षा करतेस. ती वेळासचं उदाहरण देते. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला लोक पहाटे जातात, दोरीच्या मागे उभे राहतात, कधी एकही पिल्लू निघत नाही तरी चिडत नाहीत, दुसऱ्या वेळी परत येतात. हे मी स्वतः पाहिलंय, नाकारत नाही. पण तिथलं पिल्लू समुद्राकडे निघून जातं. त्याला कुणी बघण्यासाठी ठेवून घेतलेलं नसतं. उद्यानातला डायनासोर कुठे जाणार? आणि तो एकटाच असणार, कारण पहिला कुणीतरी एकटाच असतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी मिळाली, २५६ अंडी, एकमेकांच्या जवळजवळ. एकमेकांच्या शेजारी अंडी घालणारी जनावरं ती. त्यातलं एक आणून कठड्याआड उभं करायचं आणि ते हललं नाही की लोक पायाशी काय आहे ते बघणार.

म्हणून लोक जातील का, या प्रश्नाला 'हो' म्हणताना माझ्या आवाजात उत्साह नसतो. तुम्ही त्याचा अर्थ 'हिला विज्ञानाची हौस नाही' असा काढता, तो काढू नका.

मी जाईन का? जाईन. इतकी वर्षं ज्याची हाडं चाचपली तो पाय उचलून टाकतो कसा, मान कुठून वळवतो, हे बघायला मिळत असताना मी घरी बसणार नाही. आडवाराला जाईन, भर पावसात, गर्दी नसेल तेव्हा. तो तासभर हलला नाही तर तासभर थांबेन. दुसरा तासही थांबेन. तिसऱ्या तासाला माझ्या हातात दगड नसेल हे नक्की, पण एक टाळी वाजवून बघावी असं मनात येणारच नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मुलगी विचारते, मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? टाळीने रक्त येत नाही, हा फरक आहे, असं मी तिला सांगते. तिला ते पुरेसं वाटत नाही.