मीठ मागवलं, ढेकळं आली

लातूरला समुद्री मासे पाळायचे म्हटल्यावर घरात पहिला विषय निघाला तो पाण्याचा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस आईने हंड्या-घागरींत काढलेत. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला आणि कुंड्यांना वापरायचं, या अटीवर तिने होकार दिला. टाकी, पंप, दिवा आठवड्यात जमले. घोडं अडलं मिठापाशी.

शेजारचे काका म्हणाले, "किराणा दुकानात मिळतं की रे!" पण खायचं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेटही लागतं. तयार मिठात दोन प्रकार दिसले : प्रवाळांसाठी जास्त अल्कलिनिटीचं (म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट जास्त असलेलं) महाग मीठ, आणि साधं. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्या वाटेला मला जायचंच नव्हतं. दोन क्लाऊनफिशना साधं मीठ पुरतं. १५० लिटरला साडेपाच-पावणेसहा किलो लागतं, पुढे पाणी बदलायलाही हवंच, म्हणून २० किलोची पिशवी मागवली.

मागवली ती ऐन जुलैत. पिशवी ट्रान्सपोर्टच्या गोदामात चार दिवस पडून राहिली. घरी आली तेव्हा एक कोपरा ओला आणि आत ढेकळं. बोटाने फुटेनात, बत्ता घ्यावा लागला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "मीठ आहे साहेब, पाणी धरणारच. फोडून वापरा."

फोडून बादलीत कालवलं. रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा बरोबर ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) आला आणि तेच दुकानदाराचं हत्यार झालं : "आकडा बरोबर आहे ना, मग तक्रार कसली?" पण दोन दिवस पंप फिरवूनही तळाचा पांढरा गाळ विरघळेना. मिठाला ओल लागली की त्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडीसारखा साका होतो, तो पुन्हा पाण्यात उतरत नाही. खारटपणा मोजून हे कळत नाही, अल्कलिनिटीच मोजावी लागते. माझ्या किटमध्ये पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा; निळं पाणी पिवळं होईपर्यंतचे थेंब म्हणजे आकडा. पिशवीवर अल्कलिनिटी ८ छापली होती. माझं पाणी पाचव्या थेंबाला पिवळं झालं.

पुढचे सतरा दिवस फोटो पाठव, वर कळवलंय, उद्या सांगतो, हेच. मग पिशवी उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो मी काढलेला नव्हता. तुम्ही न विसरता काढा, मला अजून त्याची चीड येते. शेवटी संभाजीनगरच्या एका मित्राकडून त्याच मिठाची वाटीभर कोरडी पूड आणली, दोन पेले शेजारी ठेवून कॅमेऱ्यासमोर थेंब मोजले. कोरड्या मिठाला आठ थेंब लागले. दुसऱ्या दिवशी दुकानदार बदलून द्यायला तयार झाला.

या वेळी घट्ट झाकणाची बादलीच मागितली. थोडे पैसे जास्त गेले, पण पिशवी पुन्हा घेणार नाही, आणि पावसाळ्यात तर काहीच मागवणार नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. वापरण्याआधी बादली जमिनीवर लोळवून घ्या, प्रवासात बारीक-जाड कण वेगळे होतात. आणि हो, फिरत्या पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतलंत तर चांगल्या मिठाचाही साका होतो.

उन्हाळ्यात इथे टाकीतलं पाणी झरझर उडतं. मीठ मात्र आतच राहतं, त्यामुळे भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. काचेवर चिकटपट्टीची खूण केली आहे. सकाळी तांब्या घेऊन त्या खुणेपर्यंत पाणी आता आईच भरते.