बंद पडलेली जीप घ्यायची की नाही

विकायला काढलेल्या प्रत्येक बंद गाडीला आमच्याकडे फक्त बॅटरीच हवी असते. इंजिन बसलंय असं तोंडानं सांगणारा मालक मला अजून भेटायचा आहे. समुद्रपूर तालुक्यात एका गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली महिंद्राची एमएम ५४० पाहायला गेलो, तेव्हाही तेच ऐकलं. "बॅटरी टाकली का सुरू होते जी, काईच नाई झालं तिले."

माझं वावर नाल्यापलीकडे आहे. काळी जमीन, त्यात पांधण. मृगाचा पाऊस पडला की मोटरसायकल घरीच राहते, आणि सप्टेंबरपर्यंत बंडीची चाकंही आरीपर्यंत रुततात. ट्रॅक्टर नेला तर पांधण आणखी फुटते आणि गावकऱ्यांच्या शिव्या खाव्या लागतात. रानडुकरांमुळे जागलीला मात्र रोज जावंच लागतं. म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी फोर बाय फोर हवी होती. नवी थार माझ्या कपाशीच्या हिशोबात बसत नाही. चालू स्थितीतल्या जुन्या जीपांना हल्ली हौशी गिऱ्हाईक मिळतं, त्यामुळे त्यांचेही भाव चढलेत. राहिल्या बंद गाड्या.

एका मित्राने सरकारी लिलावातली जीप घे असं सुचवलं. तो रस्ता आता बंदच समजा. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही, त्या भंगारात जातात. खासगी गाडीचं तसं नाही. "१५ वर्षं झाली का गाडी मोडाच लागते" असं पारावर ठासून सांगणारे बरेच आहेत. पण दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल जे चाललं, ते इथे लागू नाही. आपल्याकडे १५ वर्षांनंतर तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते.

तर जीप. एमएम ५४० ला फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने महिंद्राने बनवलेलं एक्सडीपी ४.९० इंजिन असायचं, २११२ सीसीचं डिझेल. पुढे लोकांनी त्यात सर्रास डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनची, इंजिनं बसवली. या गाडीत मूळचंच होतं, आणि मला ते बरं वाटलं, कारण बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसली की आरटीओत वेगळंच प्रकरण सुरू होतं.

मालकाचा मुलगा उत्साही. ट्रॅक्टर लावून ओढू, तिसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडू, गाडी भरभर सुरू होते, असं त्याचं म्हणणं. हिंगणघाटचा माझा मिस्त्री हे ऐकून हसलाच नाही. "दांडा फिरते का ते पाहू पयले," एवढंच म्हणाला. दांडा म्हणजे इंजिनाचा क्रँकशाफ्ट. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला धरून बसलेल्या असतात. तशात ट्रॅक्टरने जोर लावला तर रिंग तुटते, बोअरला ओरखडे पडतात, आणि जे काम तेल टाकून सुटलं असतं ते लेथवाल्याकडे जातं.

त्याने आधी इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरचा नट जरासा ढिला केला. तेलापेक्षा पाणी जड, त्यामुळे पाणी शिरलं असेल तर आधी तेच बाहेर येतं. काळंकुट्ट तेलच आलं. हेड पॅकिंग फुटून पाणी तेलात शिरलं असेल, ही शंका बरीच कमी झाली. रेडिएटर कोरडा होता, त्यात तेलाचा तवंग नव्हता, पण कोरडा का होता हेही विचारायला हवं होतं. "उंदरानं होज खाल्ला," असं उत्तर मिळालं, आणि ते खरं निघालं. वायरिंगही उंदरांनी उभी-आडवी कुरतडली होती. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेलाचं मिश्रण ओतलं आणि गाडी रात्रभर तशीच सोडली. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावला. पाव फेरा फिरला, अडला. मिस्त्रीने घाई केली नाही. मागे-पुढे, मागे-पुढे करत राहिला. शेवटी पूर्ण फेरा झाला आणि सिलिंडरमधून घाण वर उडाली. इंजिन जाम नव्हतं.

मुलगा लगेच म्हणाला, "म्या म्हटलं होतं नं?" मिस्त्रीचं म्हणणं वेगळं होतं. इंजिन फिरलं याचा अर्थ ते चालेल असा नाही, फक्त ते उघडण्याच्या लायकीचं आहे. डिझेल पंपात ओल गेली असेल तर आतले भाग गंजलेले असणार, टाकीचा तळ चिकट गाळाने भरलेला होता, ब्रेकचे व्हील सिलिंडर चारही चाकांचे धरलेले. क्लच दाबून गिअर टाकला तरी चाक सुटेना, म्हणजे क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. ही सगळी कामं आपल्याकडे होतात. पार्ट मिळतात, कारागीर आहेत. त्यांची यादी कितीही लांबली तरी मला भीती वाटत नाही, फक्त तेवढे पैसे किमतीतून कमी झाले पाहिजेत.

चेसिसकडे मात्र मी स्वतः बसलो. पत्रा सडला तर नवा ठोकता येतो. चेसिसचे दांडे सडले तर गाडीच संपली. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला लागतात तिथे चिखल साचून आतून गंज धरतो, वरून रंग छान दिसत राहतो. छोट्या हातोडीने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ठोकत गेलो. घट्ट आवाज आला. एका जागी जुनं वेल्डिंग होतं, पण सरळ आणि साफ. चेसिस नंबरावरचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसून कागद ठेवला, पेन्सिल घासून ठसा घेतला आणि आरसीबरोबर आकडा-आकडा ताडून पाहिला. जुळला.

आणि मग गाडीखाली सरपटताना दिसलं की पुढच्या चाकांना जोर पोचवणारा प्रोपेलर शाफ्टच नाही. ज्याच्यासाठी ही गाडी घ्यायची, त्या फोर बाय फोरचा नुसता लिव्हर तेवढा उरला होता. "आवाज करे, म्हून बाबानं काढला," मुलगा म्हणाला. शाफ्ट कुठे आहे? कबाड्याकडे गेला असेल. शाफ्ट दुसरा मिळतो. पण आवाज शाफ्टच्या क्रॉसचा होता, पुढच्या हाऊसिंगच्या क्राऊन-पिनियनचा होता की पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा, हे सांगणारा माणूस आता हयात नव्हता. हाऊसिंगचं झाकण खोलल्यावर दाते शाबूत दिसले. ट्रान्सफर केसचं काही कळलं नाही. त्याचा खर्च मी सरळ धरूनच चाललो.

इथवर माझं मन घेण्याकडेच होतं. खरी गाठ कागदात होती. आरसी पुस्तकाच्या रूपातली, गाडी १९९६ ची, एकदा नूतनीकरण होऊन २०१६ ला मुदत संपलेली. मोबाइलच्या अॅपवर नंबर टाकला तर माहितीच येईना. मुलाला वाटलं, गाडीवर काही बोजा नाही याचा तो पुरावा. प्रत्यक्षात अशा जुन्या गाडीची नोंद बऱ्याचदा संगणकात चढलेलीच नसते. आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, मगच पुढचे अर्ज चालतात. पुस्तकाच्या आतल्या पानावर एका पतसंस्थेचा बोजा होता. कर्ज म्हणे केव्हाच फिटलं, पण नमुना ३५ वर सही-शिक्का घेऊन बोजा उतरवायला कुणी गेलंच नाही, आणि आता ती संस्था अवसायनात, म्हणजे गुंडाळायला काढलेली. गाडी वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, वारस तीन. म्हणजे आधी नमुना ३१ ने गाडी एका वारसाच्या नावावर, बाकी दोघांची संमती, मग नमुना २९ आणि ३० ने माझ्या नावावर. त्यात २० वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी आता १० हजार, आणि उशिराचे दर महिन्याला ५०० वेगळे. २०१६ पासूनचे महिने त्यांनी मोजले नव्हते. मी मोजून दाखवले.

"वावरातच तं चालवाची हाय, कागद कायले पाह्यजे?" हे मला मुलाने, त्याच्या काकाने आणि चहावाल्यानेही ऐकवलं. माझ्या घरापासून वावरापर्यंत डांबरी रस्ता आडवा येतो. नोंदणी आणि थर्ड पार्टी विम्याशिवाय तो ओलांडताना कुणाला धक्का लागला, तर भरपाई माझ्या सातबाऱ्यावर येईल. माझ्यासाठी हा मुद्दा इंजिनापेक्षा मोठा होता. शिवाय कागद नसलेली गाडी उद्या विकायची म्हटली तर फक्त कबाडीच घेतो.

किंमत मी खालून बांधली. काहीच चाललं नाही तर सव्वा टनाच्या आसपास लोखंड आणि सुटे भाग, तो तळ. त्याच्यावर, चालू गाडीच्या भावातून मिस्त्रीचा खर्च वजा करून जे उरतं ते. त्यांची मागणी १ लाख ४० हजार होती. मी ७५ म्हटलं, तेही बोजा उतरून, गाडी मुलाच्या नावावर चढल्यानंतर. थकलेली फी त्यांची, मुदतवाढीच्या तपासणीआधीची दुरुस्ती माझी, पण तीही नाव चढल्याशिवाय सुरू करणार नाही. इसार शून्य. काका बिघडले, "एवढ्या अटी तं सोयरिकीतही राहत नाई," म्हणाले. मुलाने मात्र दोन दिवसांनी फोन करून ८० वर आणलं आणि मी हो म्हटलं. अटी साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. नागपूरचा कुणी रिसॉर्टवाला शोभेसाठी मागायला आला तर त्याला खुशाल द्यावी, हेही त्यात माझ्याच सांगण्यावरून लिहिलं; अडवून ठेवलेला सौदा मला नको होता.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. पतसंस्थेचे अवसायक वर्ध्यात सापडले, अर्ज करा म्हणाले, पाहतो म्हणाले. मी त्याला विचारलं, अर्जाची पोच घेतली का? नाही घेतली. म्हटलं, उद्या परत जा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून आण.