खासदारांचं मस्टर

२० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, आणि मी इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये बसून आईबाबांच्या शाई लावलेल्या बोटांचा फोटो बघत होते. बरोबर पंचेचाळीस दिवसांनी, ४ जुलैला, मी घरापासून पाच मिनिटांवरच्या चर्चच्या हॉलमध्ये गेले, टेबलावर माझा भारतीय पासपोर्ट ठेवला आणि ब्रिटनच्या खासदारासाठी मत देऊन आले. राष्ट्रकुलातल्या देशाचं नागरिकत्व आणि इथे राहण्याचा परवाना असला, की हा हक्क मिळतो. ओळखपत्र म्हणून आपला पासपोर्टही चालतो.

तोच पासपोर्ट मुंबईतही चालतो. फक्त तो घेऊन जातीने मुंबईच्या केंद्रावर उभं राहावं लागतं. २०१० च्या कायदादुरुस्तीने आम्हा अनिवासी लोकांना सहा-अ नंबरचा फॉर्म भरून मतदार होता येतं, पण टपालाने किंवा दूतावासात जाऊन मत देता येत नाही. बाबा म्हणाले, “एका मतासाठी विमानाचं तिकीट काढायचा शहाणपणा करू नकोस.” मी केला नाही. आणि ४ जूनला वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला! आमचा मतदारसंघ तो नव्हे, तरी दोन दिवस मला उगाचच चोरट्यासारखं वाटत होतं. आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये त्याहून जास्त मतं आहेत.

मत नाही तर नाही, निदान लक्ष तरी ठेवू, म्हणून मी आमच्या मुंबईच्या खासदारांची माहिती काढायला लागले. सहापैकी कुठले ते सांगत नाही, कारण लेख त्यांच्यावर नाही. पीआरएस नावाची दिल्लीची संस्था २००५ पासून हे काम करते. तिच्या साइटवर प्रत्येक खासदाराचं पान आहे: हजेरी किती टक्के, प्रश्न किती, चर्चेत भाग किती वेळा, खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली, विधेयकं किती. शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी. आमचे खासदार बहुतेक रकान्यांत सरासरीच्या वर होते. मी खूश होऊन बाबांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “भेटलीस की बोलू.” एवढंच.

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. त्यांनी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. मस्टर, पंचिंग, लेटमार्क, ओव्हरटाइम. तो कारखाना गेला, तिथे आता टॉवर आहे, पण बाबांचा हजेरी या शब्दाबद्दलचा संशय काही गेला नाही.

डिसेंबरात मुंबईला गेले तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं. जेटलॅगमुळे मी पहाटे चारला टक्क जागी, आणि बाबा पाणी भरायला उठलेले. चहा झाला, लॅपटॉप उघडला, ते पान पुन्हा काढलं.

“ही हजेरी घेतं कोण?”

“कोणी घेत नाही, ते स्वतः सही करतात.”

“आणि जायची वेळ?”

जायची वेळ नव्हती. तेव्हा दिवसाची एक सही, तिच्यावर दैनिक भत्ता. बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. “म्हणजे सही करून कँटीनला गेला तरी पूर्ण दिवस भरला. अगं, असले चाळीस जण मी नावानिशी सांगेन.” मंत्री सहीच करत नाहीत हे कळल्यावर तर ते आणखी खुलले. उत्तर मुंबईचे पीयूष गोयल मंत्री आहेत, म्हणून त्यांच्या हजेरीचा रकानाच नाही. “मॅनेजमेंट कधी कार्ड पंच करत नसते,” बाबा म्हणाले.

मग मी त्यांना इकडची गोष्ट सांगितली. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये खासदारांची हजेरी मांडतच नाहीत. तिथे नोंद होते ती मतांची. विधेयकावर मतविभागणी झाली, की कोण बाजूने गेलं आणि कोण विरोधात, ती नावं लगेच जाहीर होतात. ‘दे वर्क फॉर यू’ ही साइट २००४ पासून हे सगळं खासदारवार लावून ठेवते. माझा खासदार सभागृहात बोलला की मला ईमेल येतो. (तो आठवड्या-पंधरवड्याने लोकांना भेटायला बसतो, त्याला इथे ‘सर्जरी’ म्हणतात. पहिल्या वर्षी शेजारणीने “एमपीची शनिवारी सर्जरी आहे” असं सांगितलं, तेव्हा मी चेहरा पाडून त्यांना काय झालंय असं विचारलं होतं.)

आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, झालं मंजूर. कोणी मागणी केली तरच मतविभागणी. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं, तर खासदारकीच जाऊ शकते. तेव्हा आपल्या खासदाराने एखाद्या कायद्यावर मनाने काय ठरवलं, हे बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर सापडत नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. “म्हणजे तुझ्याकडे माणूस आत आला का ते कळत नाही, पण काम काय केलं ते कळतं. आणि आमच्याकडे फक्त आत आला एवढंच कळतं.”

मी दीड वर्ष स्क्रीनशॉट काढत होते, आणि हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

मग राहिले प्रश्न. लोकसभेत सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तरांचा तास. रोज वीस तारांकित प्रश्न, त्यांना मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित दोनशे तीस, त्यांची उत्तरं लेखी. वीसमध्ये नंबर लागायला चिठ्ठ्या निघतात, आणि लागला तरी तास गोंधळात वाहून गेला की संपलं. त्यामुळे खासदाराच्या नावापुढे जो मोठा आकडा दिसतो, तो मुख्यतः अतारांकितचा. आम्ही एक एक पीडीएफ उघडायला लागलो. लोकलच्या फेऱ्या आणि फलाटांची उंची यावरचा एक प्रश्न होता. वर नावं बघितली तर आमच्या खासदारांसोबत आणखी तिघे. सारखे प्रश्न आले की एकत्र करतात, आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक जमा होतो. खाली उत्तर: ‘(अ) ते (ड) : निवेदन सभापटलावर ठेवण्यात येत आहे.’ निवेदनात दीड पान देशभरच्या रेल्वेचा इतिहास, आणि आमच्या स्टेशनचं नाव शेवटच्या ओळीत, ‘विचाराधीन’ या शब्दाच्या शेजारी.

पण आणखी चारपाच वाचल्यावर माझंही मत जरा बदललं. काही प्रश्न खरोखर अभ्यासून विचारलेले होते. मिठागरांच्या केंद्राच्या जमिनीवरचा एक तर असा, की त्याच्या उत्तरात आलेला आकडा दुसरीकडे शोधायला मला आठवडा लागला असता. तो प्रश्न आणि ‘गेल्या तीन वर्षांत किती निधी दिला’ छापाचा प्रश्न, दोघांचं वजन साइटवर सारखंच, एक.

सकाळी बागेत जाताना बाबांनी त्यांचा पुरावा दाखवला: सिमेंटचा बाक आणि त्यावर खासदार निधीची पाटी, नाव बाकाहून ठळक. हा निधी १९९३ मध्ये पाच लाखांपासून सुरू झाला आणि २०११ पासून वर्षाला पाच कोटी आहे. पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. मुंबईच्या एका मतदारसंघात पंधरा ते अठरा लाखांच्या आगेमागे मतदार, म्हणजे डोई तीसेक रुपये. दीड वडापाव. बाकावर बसलेल्या काकांना मी हा हिशोब सांगितला, तर ते म्हणाले, “चटणी वेगळी मागावी लागते.”

या कट्ट्यावर प्रगतिपुस्तकाचे निकष निराळे असतात. एक काका अजून १९७७ सांगतात, मृणाल गोरे निवडून आल्या तेव्हाची ती घोषणा, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. दुसऱ्यांनी सचिन काढला. राज्यसभेत त्याची हजेरी दहा टक्क्यांच्याही आत होती, हे सगळ्यांना पाठ. पण २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर रेल्वेच्या पादचारी पुलांसाठी त्याने खासदार निधीतून दोन कोटी दिले, तेही पाठ. मग तो चांगला खासदार का वाईट, यावर पाऊण तास गेला, आणि वाद शारजाच्या वाळूच्या वादळावर जाऊन थांबला.

दुपारी बाबांबरोबर खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेले. रांगेतल्या अर्ध्या तक्रारी गटार, पाणी आणि कचऱ्याच्या. त्या लोकसभेत विचारताच येत नाहीत. पण ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढे जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक, मग माणसं जाणार कुठे? बाकीच्या रांगेत टाटा हॉस्पिटलची फाइल घेतलेला एक मुलगा होता, बीडहून आलेला, वडिलांच्या उपचारासाठी पंतप्रधान निधीच्या अर्जाला पत्र हवं म्हणून. पीएने फाइल उलटसुलट न विचारता वाचली, एस्टिमेटवर हॉस्पिटलचा शिक्का नाही हे दाखवलं, पत्र टाइप करून ठेवलं आणि म्हणाला, “शिक्का घेऊन ये, साडेसातपर्यंत आहे मी.” हे पत्र कुठल्याच साइटवर मोजलं जात नाही.

“ओव्हरटाइम मस्टरवर नसतो,” जिना उतरताना बाबा म्हणाले. त्यांना बहुधा स्वतःचा आठवला असावा.

त्या रात्री मी त्यांना आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. मंत्र्याने सभागृहात ‘विचाराधीन आहे’ म्हटलं, की ते आश्वासन धरलं जातं. लोकसभेची त्यासाठी वेगळी समिती आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. बाबांनी चष्मा लावला आणि मला तो शब्द परत वाचायला लावला. मग कपाटातून एक जुनी लांबट वही काढली, कारखान्याच्या नावाची, मागची पानं कोरी असलेली. पट्टीने रकाने आखले: तारीख, प्रश्न, उत्तर, मुदत, शेरा. फलाटाच्या उंचीचा प्रश्न पहिल्या ओळीत बसला.

मी परत येऊन आता बरेच आठवडे झाले. रविवारच्या फोनवर आधी आई बोलते, मग बाबा वही घेऊन येतात. परवा म्हणाले, “शेवटची चार पानं तुझ्या त्या रेडिंगवाल्यासाठी सोडली आहेत. त्याला तू आत्तापर्यंत काय विचारलंस?”

मी म्हटलं, आवाज तुटतोय बाबा, नंतर करते.